देवरावांकडचं विरजण

यमुताई चोरघड्यांचा एक नियम होता. रोज संध्याकाळी दूध विरजण्याआधी चमचाभर विरजण शेजारच्या शामलाकडे गेलंच पाहिजे, मग तिला हवं असो की नसो. तेही दिवाबत्तीच्या आत, कारण तिन्हीसांजेनंतर त्या घरातून विरजण बाहेर पडत नसे. कारण विचारलं तर त्या सांगत, आपलं नासलं तर मागायला जागा पाहिजे. वाटलेलं विरजण मरत नाही. त्यांची सून सुमती हे वाक्य लग्नापासून सतरा वर्षं ऐकत आली होती. त्यातलं निम्मं तिनं दवाखान्यात वापरलं होतं, पण सासूला कधी सांगितलं नव्हतं.

सुमती सीताबर्डीच्या अलीकडे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात टेक्निशियन होती. तिची खोली म्हणजे जंतूंची प्रयोगशाळा: एक फ्रीज, एक उबेची पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि काचसामान धुणारा ओमप्रकाश. ओमप्रकाश पन्नाशीचा होता आणि जंतूंना घाबरत नव्हता. भीत होता तो फक्त बाटल्या फुटण्याला.

या खोलीत सुमतीनं एक जंतू पाळला होता. न्यूमोकॉकस त्याचं नाव. हा माणसाच्या छातीत उतरला तर न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणात शिरला तर मेंदूज्वर. माणसाच्या अंगात एवढा माजोरडा, पण बाहेर काढला की त्याच्याइतका नाजूक कोणी नाही. त्याला मेंढीचं ताजं रक्त घातलेली काचेची बशी लागते, अंगाएवढी ऊब लागते आणि हवा जरा कोंदट लागते. त्यासाठी सुमती बशी लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवायची, शेजारी पेटती मेणबत्ती ठेवायची आणि झाकण लावायची. मेणबत्ती विझली की हवा जमली. दर दोन दिवसांनी जंतू नव्या बशीवर हलवायचा. हयगय केली तर तो आपला आपणच विरघळून जातो. हा तिचा पाळीव जंतू एकोणऐंशी सालच्या एका म्हाताऱ्याच्या बेडक्यातला होता. पेनिसिलिन मुरवलेली कागदी चकती दिसली की मरायचा. औषधांच्या चकत्या चांगल्या आहेत की नाहीत, हे ती त्याच्यावर तपासून घ्यायची. ओमप्रकाश त्याला ‘बाईंचं विरजण’ म्हणायचा.

नोव्हेंबरात या विरजणाची एक नळी तिनं सेमिनरी हिल्सकडे व्हेटर्नरी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या देवरावांना दिली होती. दर सोमवारी मेंढीचं रक्त त्यांच्याकडूनच यायचं. त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायला असा जंतू हवा होता, आणि तिला मागायला जागा हवी होती.

ब्याऐंशी सालचा फेब्रुवारी. शनिवारी, सहा तारखेला, सुमतीच्या भाचीचं लग्न होतं. जंतू हलवायचा दिवस तोच. तिनं तो सोमवारवर ढकलला. रविवारी हॉस्पिटलचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि अकरा तास वीज नव्हती. फ्रीज गरम झाला, उबेची पेटी गार पडली. सोमवारी तिनं बशी उघडली तेव्हा पाळलेला जंतू मेलेला होता. ओमप्रकाशनं बशी वास घेतल्यासारखी नाकाजवळ नेली आणि म्हणाला, विरजण गेलं बाई. सुमतीनं मान हलवली, आता आणू देवरावांकडून केव्हातरी, असं म्हणाली आणि कामाला लागली.

मंगळवारी तारा आली. पाच वर्षांची, कळमेश्वरच्या कवडूची मुलगी. कवडू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा; ऐन लगीनसराईत दोन सुपाऱ्या सोडून तो बायकोला, रुख्मिणीला घेऊन आला होता. मुलीची मान ताठ झाली होती, ताप एकशे चार होता, हाक मारली तर ती डोळे उघडत नव्हती. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर कृष्णकांत दंडिगे यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते पाणी स्वच्छ असायला हवं होतं. तांदळाच्या धुवणासारखं निघालं. सुमतीनं थेंब काचेवर घेतला, रंगवला आणि पाहिलं. जवसाचे दाणे जोडीजोडीनं मांडावेत तसे जंतू पसरले होते. न्यूमोकॉकस. डॉक्टरांनी लगेच पेनिसिलिन सुरू केलं.

प्रयोगशाळेच्या खिडकीखाली एक बाक होता आणि सकाळी त्यावर ऊन यायचं. रुख्मिणी दुपारपर्यंत त्या बाकावर बसून राहिली. सुमतीनं खिडकीतून विचारलं, वॉर्डात का बसत नाही. ती म्हणाली, तिथे नर्सबाई हाकलते, आणि तसंही पोरीचं पाणी इथे आणलंय ना, मग पोरगी निम्मी इथेच आहे.

बुधवारी बशीवर जंतू उगवला. सुमतीनं तो नव्या बशीवर पसरला, त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्या आणि बरणीत मेणबत्ती लावली. ही तपासणी सोपी असते. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाही आणि स्वच्छ गोल रिंगण दिसतं. लागू पडत नसेल तर जंतू चकतीला खेटून उगवतो.

गुरुवारी सकाळी पेनिसिलिनच्या चकतीभोवती रिंगण नव्हतं.

क्लोरॅमफेनिकॉलच्या चकतीभोवती होतं, चांगलं मोठं. पण पेनिसिलिनच्या चकतीला जंतू असा भिडला होता की जणू तिथे नुसता कागद होता. सुमतीनं बशी तीनदा पाहिली. मग वॉर्डात गेली.

डॉक्टर दंडिगे रागीट नव्हते, हट्टी होते; आणि त्यांचा हट्ट बऱ्याचदा बरोबर निघायचा. त्यांनी बशी खिडकीशी धरली.

“सुमतीबाई, सत्तावन्न सालापासून मी पेनिसिलिन देतोय. न्यूमोकॉकसनं त्याला जुमानलं नाही, असं माझ्या हातात एकदाही झालेलं नाही.”

सुमती म्हणाली, आफ्रिकेत असे जंतू सापडल्याचं वाचलंय. डॉक्टर म्हणाले, त्यांनीही वाचलंय, पण आफ्रिकेला रविवारी अकरा तास वीज गेली नव्हती. चकत्या फ्रीजमध्ये होत्या, आणि पेनिसिलिनची चकती उबेनं मरते. जंतू बदलला की चकती मेली?

दोन वर्षांपूर्वी तिनं एका टायफॉइडच्या मुलाच्या रिपोर्टात औषध लागू नाही असं लिहिलं होतं आणि चकत्या मुदत संपलेल्या निघाल्या होत्या. डॉक्टरांनी त्याचा उल्लेख केला नाही. तो त्यांनी केला नाही हेच तिला जास्त लागलं.

त्यांनी तिला खुर्ची दिली आणि आपली अडचण सांगितली. क्लोरॅमफेनिकॉल सरळ औषध नव्हे, कधी कधी रक्ताच्या मुळावर उठतं. मागच्या वर्षी त्यांच्या वॉर्डातला एक मुलगा तसा गेला होता. दोन्ही एकत्र दिली तर एकमेकांचे पाय ओढतात, असं त्यांच्या पुस्तकांत होतं. म्हणजे एक सोडून दुसरं धरायचं, आणि चकती खोटी असली तर बरोबर चाललेलं औषध सोडल्यासारखं व्हायचं. मुलीला अजून झटके नव्हते. ते पेनिसिलिन दुप्पट करणार होते.

“चकती खरी आहे हे मला दाखवा. मग मी एक मिनिट थांबणार नाही. उद्या सकाळी आठला तुमच्या दारात येतो.”

नव्या चकत्या नागपुरात नव्हत्या. मुंबईहून पोस्टानं यायला आठ दिवस लागायचे. चकती खरी ठरवायची तर पेनिसिलिननं हमखास मरणारा न्यूमोकॉकस हवा होता. म्हणजे विरजण. आणि ते तिनं एका लग्नाच्या जेवणासाठी मारलं होतं. ओमप्रकाश सायकलवरून दुसऱ्या एका कॉलेजच्या मोठ्या प्रयोगशाळेत विचारून आला. तिथे म्हणाले, परीक्षा झाल्या की आम्ही फेकून देतो.

“देवरावाकडे जा ना बाई,” तो म्हणाला. “इथे हात चोळून काय होऊन राहिलं?”

देवरावांकडचंही मेलं असेल, ही भीती होती म्हणूनच ती उठत नव्हती. तीन महिने झाले होते. दर दोन दिवसांनी, म्हणजे पंचेचाळीस वेळा दुसऱ्याच्या जंतूला नवी बशी कोण देतं?

सायकलरिक्षानं ती निघाली. सेमिनरी हिल्सच्या चढावर रिक्षावाल्यानं तिला उतरवलं. माल उतरवला तर गाडी चढेल, म्हणाला. ती पायी चढली. देवराव गोठ्याकडच्या दारात एका बकरीची जीभ पाहत होते. उंच, वाळके, नाकावर चष्मा, बाहीला शेण. तिला पाहून त्यांनी बकरी सोडली.

“तीन महिन्यापासून तुमचं लेकरू सांभाळून राहिलो,” ते म्हणाले. “आई कधी पाहायलेही आली नाही.”

“जिवंत आहे?”

“मेलं असतं तर तुमच्याकडून वर्गणी घेऊन तेरवी केली असती.”

भिंतीवर खिळ्याला एक कागद टांगला होता. दर दोन दिवसांची तारीख आणि पुढे सही, पंचेचाळीस ओळी. मधल्या चार ओळींवर वेगळी सही होती. देवराव आजारी होते तेव्हा त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, येऊन केलेली. सिंधूताई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना नवऱ्यानं एवढंच सांगितलं होतं की हे हॉस्पिटलच्या बाईंचं विरजण आहे, मोडता कामा नये. सुमतीनं तो कागद पुन्हा वाचला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं चष्मा पुसल्याचं निमित्त केलं.

देवरावांनी नळी भरून दिली. साडेबारा वाजले होते.

“दुपारी आल्या म्हणून देऊन राहिलो,” ते म्हणाले. “तिन्हीसांजेले आल्या असत्या तर दिलं नसतं. विरजण हाय.”

नळीला वाटेत थंडी लागू नये म्हणून सुमतीनं ती स्वेटरच्या आत काखेत धरली. उतारावर रिक्षा सुसाट निघाली. एका हातानं टप धरून आणि दुसरा अंगाशी आवळून ती बसली होती. सीताबर्डीच्या गर्दीत एका ओळखीच्या बाईनं हात केला, तर तिला उलट हात करता आला नाही.

वाटेतच तिला काय करायचं ते सुचलं. दोन बशा केल्या तर डॉक्टर म्हणतील, दोन चकत्या वेगळ्या. म्हणून तिनं एकच बशी घेतली. मधोमध एक रेघ मनात धरली. डाव्या अर्ध्यावर देवरावांकडचा जंतू पसरला, उजव्या अर्ध्यावर ताराचा. आणि बरोबर मधल्या रेघेवर, निम्मी इकडे निम्मी तिकडे, पेनिसिलिनची एकच चकती ठेवली. चकती मेलेली असेल तर दोन्हीकडे जंतू उगवेल. चकती खरी असेल तर डावीकडे रिंगण पडेल. मग उजवीकडे काय होतं, त्यावर ताराचं औषध ठरेल.

दीड वाजता ओमप्रकाशनं बरणीत मेणबत्ती लावली आणि सवयीनं हात जोडले. मग म्हणाला, विझण्यासाठी लावलेल्या दिव्याला नमस्कार करणारी आपलीच जात.

संध्याकाळी घरी जाताना वॉर्डात कळलं, ताराला पहिला झटका आला होता. रुख्मिणी बाकावरून उठून आली.

“बाई, सापडलं का वं काही?”

सुमतीनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती म्हणाली, सकाळी कळेल. घरी यमुताईंनी विचारलं, दूध कोणी विरजलं नाही का दोन दिवस. दूध दोन दिवस नासलं होतं, घरचं विरजण त्यातच गेलं होतं, आणि ते पाहणारी सून घरात असूनही घरात नव्हती. शामला वर्ध्याला गेलेली. यमुताईंनी रिकामी वाटी सुमतीपुढे ठेवली.

शुक्रवारी पहिल्या बसनं ती आली. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ओमप्रकाश तिच्या आधी येऊन दारात बसला होता. बरणीला त्यानं हात लावला नव्हता. तिनं झाकण काढलं, बशी उचलली आणि खिडकीकडे वळली.

डाव्या बाजूला चकतीभोवती स्वच्छ, मोकळी, कडेला अगदी कोरलेली जागा होती. मधल्या रेघेवर ती थांबली होती. उजवीकडे जंतू चकतीच्या कागदाला चिकटून उगवला होता. अर्धं रिंगण.

ओमप्रकाश तिच्या खांद्यावरून वाकला.

“बाई, चांद निकल आया,” तो म्हणाला. “पर आधाच.”

सुमतीला हसू आलं आणि ते तिला आवरेना. ती हसत असतानाच डॉक्टर दंडिगे आत आले, आठच्या ऐवजी पावणेसातला, गळ्याला मफलर, दाढी न केलेली. पहाटे मुलीला आणखी दोन झटके आले होते. त्यांनी काही न विचारता हात पुढे केला. तिनं बशी दिली आणि कुठला अर्धा कोणाचा ते सांगितलं.

ते बशी घेऊन खिडकीशी गेले.

“चकती एकच?”

“एकच.”

“आणि हा जुना जंतू? तुमचा तर मेला होता म्हणे.”

“विरजण होतं,” सुमती म्हणाली. “शेजारी ठेवलेलं.”

डॉक्टरांनी बशी जपून टेबलावर ठेवली. दारात वळून ते म्हणाले, “पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पेनिसिलिन हरलं, आणि मला बरं वाटतंय. चमत्कारिक आहे.” मग त्यांच्या चपला जिन्यावर धावल्याचा आवाज आला. साठीच्या जवळ आलेल्या त्या माणसाला जिन्यावर धावताना हॉस्पिटलात कोणी पाहिलं नव्हतं.

सात वाजता क्लोरॅमफेनिकॉल सुरू झालं. शुक्रवारी रात्रीनंतर झटका आला नाही. शनिवारी ताप शंभरवर आला. रविवारी तारानं डोळे उघडले आणि ती पाणी प्यायली. डॉक्टर रोज तिचं रक्त तपासायला पाठवत होते आणि रोज ते ठीक येत होतं.

सोमवारी मात्र नवीनच काळजी निघाली. मुलगी पाहत होती, खात होती, पण बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. टाळी वाजवली तरी भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी कवडूला बाजूला घेतलं आणि सांगितलं, या आजारात जीव वाचतो, पण कधी कधी कान जातात. कवडूनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यानं कळमेश्वरला निरोप पाठवला आणि मंगळवारी दुपारच्या एस.टी.नं त्याचा क्लॅरनेट आला.

वॉर्डाच्या सिस्टरनं एकच ओळ वाजवायची परवानगी दिली. सुमती खाली होती, पण ओमप्रकाशनं तिला ओढत वर आणलं. कवडू मुलीला दिसणार नाही असा, खाटेच्या डोक्याकडे उभा राहिला. नवरदेव मांडवात येताना वाजवायचे, हजारदा वाजवलेले सूर त्यानं धरले आणि त्याची पहिलीच फुंक फाटली. ओठच थरथरत होते. दुसरी त्याहून वाईट. सिस्टरनं कपाळाला हात लावला.

तारानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

“काहून बेसूर वाजवून राहिला गा बाबा?”

कवडूनं क्लॅरनेट खाली घेतला. त्याला पुढे वाजवता आलं नाही. रुख्मिणीनं मुलीला विचारलं, मग दोन दिवस काहून बोलत नव्हती वं तू. तारानं सिस्टरकडे, मग डॉक्टरांकडे बोट केलं.

“सुयावाल्याईसंग माही कट्टी हाय.”

डॉक्टर दंडिगे खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी तिच्यापुढे करंगळी धरली, दोस्ती करायला. तारानं बराच विचार केला आणि नकार दिला. हॉस्पिटलात त्या दिवशी एवढं एकच काम त्यांच्या मनासारखं झालं नाही.

त्याच आनंदात डॉक्टर रुख्मिणीला म्हणाले, तुमची पोरगी मी नाही वाचवली, या बाईंच्या विरजणानं वाचवली. त्यांना वाटलं आपण गंमत केली. रुख्मिणीला वाटलं ही दवाखान्याची गोष्ट आहे, आणि दवाखान्याची गोष्ट तिनं नेहमी शब्दशः घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून कळमेश्वरहून रोज दह्याचं भांडं येऊ लागलं. वॉर्डातल्या अकराही मुलांना तिनं दही भरवलं. ज्याची शस्त्रक्रिया होती त्यालाही भरवत होती, तेव्हा सिस्टरनं भांडं काढून घेतलं आणि डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, चूक माझी आहे.

सुमतीनं नव्या जंतूच्या दोन नळ्या केल्या. एक मोठ्या तपासणीसाठी दिल्लीला गेली. दुसरी घट्ट बूच लावून, जुन्या जंतूच्या नळीबरोबर देवरावांकडे. जुनीवर तिनं लिहिलं होतं ‘ऐकतो’, नवीवर ‘ऐकत नाही’. देवरावांनी दोन्ही प्रकाशात धरल्या आणि विचारलं, जो ऐकत नाही त्याले कायले पोसायचं? सुमती म्हणाली, उद्या नवं औषध आलं तर ते कोणावर तपासू? त्यांनी भिंतीवर दुसरा खिळा ठोकला.

सव्वीस तारखेला तारा घरी गेली. जाण्याआधी रुख्मिणी प्रयोगशाळेच्या दारात आली, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

“बाई, तुमचं विरजण आमच्या पोरीपायी खर्च झालं. हे घ्या. माह्या सासूच्या हातचं हाय, जिजाबाईच्या. बावीस वर्षापासून मोडलं नाही.”

सुमतीनं तिला समजावून सांगायला तोंड उघडलं. ते विरजण म्हणजे दही नव्हे, तो एक जंतू, आणि तुझ्या मुलीला बरं केलं ते वेगळ्याच औषधानं. मग तिला वाटलं, यातलं नेमकं खोटं काय आहे? तिनं डबा घेतला. ओमप्रकाश म्हणाला, फ्रीजमध्ये ठेवा बाई, पण चिठ्ठी लावा, नाहीतर मी चकती ठेवून पाहीन.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. शामला मागेच वर्ध्याहून परतली होती, पण बंद घरात तिचंही विरजण गेलं होतं. दोन आठवडे दोन्ही घरं विकतच्या दह्यावर होती आणि यमुताईंनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनी डबा उघडला, बोटाच्या टोकानं दही जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

“कुठलं हे?”

“कळमेश्वरचं. बावीस वर्षांचं.”

“गोड आहे.” यमुताईंनी खिडकीतून आभाळ पाहिलं. दिवे लागायला दहा मिनिटं असतील. त्यांनी वाटी काढली, चमचाभर दही घातलं आणि सुनेच्या हातात दिली. “पळ. आधी शामलाकडे.”